कोपरा सोडून बसायचा बाक

तर खडू पडला. काल इथपर्यंत आलो होतो आणि तेवढ्यात हिने जेवायला हाक मारली, म्हणून राहिलं. खडू पडला, त्याचे तुकडे झाले, एक तुकडा घरंगळत पहिल्या बाकाखाली गेला, आणि वर्गातलं एकही मूल तो उचलायला वाकलं नाही. एरवी खडू पडला की पाचवीतली पोरं त्यावर कशी झडप घालतात ते तुम्हाला सांगायला नको. बाईंचा खडू उचलून द्यायचा म्हणजे केवढा मान! पण त्या दिवशी सगळी जागच्या जागी थिजलेली, आणि सगळ्यांच्या माना वळलेल्या शेवटच्या बाकाकडे. त्या बाकावर कोण, तर आमची भिंगरी.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. भिंगरी म्हणजे माझी नात, थोरल्याची मुलगी. शिक्षिका व्हायचा कोर्स करते. कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण रांगायला लागली तेव्हापासून ती भिंगरीच, कारण पोर एका जागी ठरायची नाही. पुढे पायांची भिंगरी जिभेला लागली. समोरच्याने प्रश्न अर्धा विचारावा तोवर हिचं उत्तर हजर. मी नुसतं "अगं, माझा चष्मा" म्हणायचो, की आतून आवाज, "कपाळावर आहे." बाप चपला काढता काढता "आज कोणी" एवढंच म्हणायचा, की "प्लंबर येऊन गेला, वॉशर नाहीये म्हणाला, उद्या येतो." आम्हाला त्याचं कोण कौतुक. पाहुणे आले की मी मुद्दाम अर्धवट प्रश्न टाकायचो आणि बघा कशी पकडते म्हणून मिरवायचो.

आता या कोर्समध्ये मुलांना खऱ्या शाळेत, खऱ्या वर्गावर शिकवायला उभं करतात. त्याला पाठ घेणं म्हणतात. मागे कॉलेजातले कोणीतरी बसतात आणि गुण देतात. भिंगरीच्या वाट्याला आले ते घड्याळसर. हे नाव पोरापोरींनीच ठेवलेलं. वर्गात शिरले की मनगटावरचं घड्याळ सोडायचं आणि नाडी बघणाऱ्या डॉक्टरसारखं समोर बाकावर मांडायचं. मग तासभर एक डोळा शिकवणाऱ्यावर, एक घड्याळावर.

त्यांच्यासमोर भिंगरीने पहिला पाठ घेतला. प्रश्न हिने विचारले, उत्तरंही हिनेच दिली. मुलांनी तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न. घंटेला अजून निम्मा तास बाकी आणि हिच्याकडचं सगळं संपलेलं. मग काय करणार, कोरा फळा डस्टरने पुसत उभी राहिली. घड्याळसरांनी सरळ नापास केलं. वर सांगितलं की अजून एकच पाठ मिळेल, आणि त्यात पाठ बरोब्बर घंटेला संपला पाहिजे. नाही जमलं तर वर्ष गेलं समजा. तोवर पाचवीच्या बाईंच्या वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसायचं, तोंड न उघडता बघायचं, शिकवतात कसं ते.

तोंड न उघडता! आमच्या भिंगरीने! मी तर हसलोच. ती नाही हसली. बाप आधीच म्हणत होता की कोर्स सोड, बँकेची परीक्षा दे. वर्ष गेलं असतं तर त्याला आयतंच कारण मिळालं असतं.

तर ती बाकावर जाऊन बसली. जुना लाकडी बाक, तिघा-चौघांचा, पण त्यावर कोणीच नाही. ही बसली मधोमध. पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची एक मुलगी मागे वळली आणि हळूच म्हणाली, "ताई, कोपरा सोडून बसा."

भिंगरीने विचारलं, का गं? सोडायचा असतो, एवढंच मुलगी म्हणाली. भिंगरी हसून अलीकडे सरकली आणि भिंतीकडच्या त्या कोपऱ्यात आपली पिशवी ठेवली. मुलगी पुन्हा वळली, पिशवी उचलली, जमिनीवर ठेवली आणि काही झालंच नाही अशी पुढे बघायला लागली.

बाई शिकवायला लागल्या. आता बाईंची पद्धत ऐका. त्या प्रश्न विचारायच्या आणि थांबायच्या. नुसत्या नाही थांबायच्या, तर नजर उचलून त्या मागच्या कोपऱ्यात ठेवायच्या आणि उभ्या राहायच्या. वर्गात चिडीचूप. कोणी हात वर करायचं नाही, कोणी कुजबुजायचं नाही. पंख्याचं पातं कुठेतरी घासायचं तेवढा आवाज. असं वाटायचं की कोणीतरी बोलायच्या बेतात आहे, श्वास घेतलेला आहे, शब्द ओठावर आलेला आहे. आणि मग बाई पापणी लववायच्या, वर्गाकडे बघायच्या, आणि एकदम हातांचं रान उगवायचं. दर प्रश्नाला हेच. एकही प्रश्न याला चुकला नाही.

पहिल्या दिवशी भिंगरीला वाटलं, बाई आपल्याकडेच बघतायत. ही अंग चोरून बसली. दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं तर नजर हिच्यावर नव्हती, हिच्या शेजारी होती. बाकाच्या कडेवर हात ठेवला तर बोटाला एक खाच लागली. कोपऱ्यापाशी, नखाएवढी रुंद, आतून गुळगुळीत. कोणीतरी रोज नखाने खरवडून केलेली. बाई थांबल्या की भिंगरीचं बोट आपोआप त्या खाचेत जाऊन बसायला लागलं.

आणि मग तो दिवस. मधल्या सुट्टीत वर्गाची फरशी पुसलेली होती. बाईंनी विचारलं, मघाशी फरशी ओली होती, आता वाळली, मग पाणी कुठे गेलं? आणि थांबल्या. नजर कोपऱ्यात. भिंगरी सांगते की त्या शांततेत तिचा जीव इतका कासावीस झाला, इतका, की कोणीतरी आतून ढकलल्यासारखं तिच्या तोंडून निघून गेलं, "हवेत."

तेव्हा तो खडू पडला.

बाई बाकांच्या मधून मागे आल्या. आधी कोपऱ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे. भिंगरीला वाटलं आता आपली रवानगी होणार. बाई इतकंच म्हणाल्या, "बरोबर आहे. पण इथून नको देऊ." आणि घंटा व्हायच्या आधी वर्गाबाहेर गेल्या. शाळेत कोणी त्यांना असं जाताना पाहिलेलं नव्हतं.

पुढचं भिंगरीला सांगितलं ते घंटेच्या मावशींनी. या मावशी शाळेच्या घंटेइतक्याच जुन्या. म्हणाल्या, तू आज काय केलंस ते तुला कळलं नाही, पोरी. ही बाई तरुणपणी अगदी तुझ्यासारखी होती. जीभ म्हणजे कात्री. साऱ्या शाळेत हिचा धडा आधी संपायचा आणि हिला त्याचा अभिमान. तिच्या वर्गात त्या कोपऱ्यात एक मुलगी बसायची. हुशार होती, सगळं यायचं, पण उत्तर ओठापर्यंत यायला वेळ लागायचा. प्रश्न आला की मान खाली घालायची, बाकाची कड नखाने खरवडायची, ओठ हलायचे. तोवर बाई कुठल्या कुठे पोचलेल्या असायच्या. वर्षभरात तिचं एकही उत्तर कोणी ऐकलं नाही.

एकदा शाळा सुटली, वर्ग रिकामा झाला, तरी ती मुलगी तिथेच बसून. बाई कपाटाला कुलूप लावत होत्या. विचारलं, काय गं, काही सांगायचंय का? मुलीने मान खाली घातली आणि नख लाकडावर फिरायला लागलं. बाईंना मीटिंगला जायचं होतं. बरं, उद्या सांग, म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी कोपरा रिकामा. तिसऱ्या दिवशीही. बाई घरी गेल्या तर दार सताड उघडं, खोल्या झाडून लख्ख, भिंतीला एक खिळासुद्धा शिल्लक नाही. कधी गेले, कुठे गेले, का गेले, शेजारपाजारी कोणाला पत्ता नाही. बाईंनी जंग जंग पछाडलं. काही कळलं नाही. आज त्या मुलीच्या वर्गातल्या मुलींच्या मुली पाचवीत आल्या, तरी नाही. तेव्हापासून बाई प्रश्न विचारला की थांबतात. मुलांना कोणी काही सांगितलेलं नाही, पण एक वर्ग दुसऱ्या वर्गाला कोपरा सोडायला शिकवतो. "आणि इतक्या वर्षांत," मावशी म्हणाल्या, "त्या बाकावरून एक शब्द आला नव्हता गं. आज आला."

हे ऐकून भिंगरी घरी आली, आणि आमच्या घरातली ती शांतता सुरू झाली.

सूनबाई विचारायची, चहा टाकू का? भिंगरी आपली खोलीच्या त्या कोपऱ्यात, छत्री अडकवतो ना आपण, तिकडे बघत राहायची. चहा होऊन निवायचा, मग म्हणायची, हो, टाक. हिच्या आजीने कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. जेवताना डाव्या हाताचं नख टेबलाच्या कडेवर खर्र खर्र. आजी म्हणाली, अगं, सनमायका निघेल तो. भिंगरी थांबायची, आणि जरा वेळाने पुन्हा खर्र खर्र.

एका संध्याकाळी मी म्हटलं आता आपला हुकमी एक्का काढू. "अगं, माझा चष्मा" म्हणालो आणि गप्प बसलो. आतून उत्तर आलं नाही. ती बाहेर आली, माझ्यासमोर बसली आणि बघत राहिली. मी वाट बघतोय, ती वाट बघतेय. घरात किती आवाज असतात हो, ते तेव्हा कळलं. फ्रिज गुरगुरतो, नळ ठिबकतो, तो वॉशर काही त्या प्लंबरला अजून सापडलेला नाही. शेवटी तीच म्हणाली, "आजोबा, तुम्हाला पुढे काय म्हणायचं होतं?"

आता मला पुढे काय म्हणायचं असणार? इतकी वर्षं मी प्रश्न अर्धाच टाकत आलो, उरलेला अर्धा कधी लागलाच नाही. मी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि उगाच पेपर उघडला.

मग तिने ते सांगितलं. म्हणाली, आजोबा, मी बाकावर बसले की फळी कुरकुरते. मी म्हटलं, लाकूड आहे, कुरकुरणारच. ती म्हणाली, एकदा मी बसते तेव्हा कुरकुरते. आणि मग थोड्या वेळाने एकदा.

मी पेपर खाली ठेवला. पण आजोबाने घाबरून कसं चालेल? मी तिला आमच्या शाळेची गोष्ट सांगितली. एकच खोली, त्यात चार इयत्ता, आणि गुरुजी एक. गुरुजींनी प्रश्न विचारायचा आणि तेवढ्यात कोणाची तरी शेळी वर्गात शिरायची. गुरुजी छडी घेऊन शेळीमागे. ज्याला उत्तर येतंय त्याने ते गुरुजी परत येईपर्यंत तोंडात धरून बसायचं, गिळायचं नाही आणि सांडायचंही नाही. एकदा तर शेळी थेट ओढ्यापलीकडे गेली आणि परत आल्यावर गुरुजी आपलाच प्रश्न विसरले. आम्ही सगळे गाल फुगवून बसलेलो! हे ऐकून भिंगरी हसेल असं वाटलं होतं. ती थोडी हसलीही. मग म्हणाली, "आणि ज्याने उत्तर धरून ठेवलं होतं, त्याचं काय झालं?"

घ्या. एवढी वर्षं ही गोष्ट सांगतोय, हे कोणी विचारलं नव्हतं.

पाठाचा दिवस आला. विषय होता सावली. आदल्या संध्याकाळी तिने माझ्यासमोर सगळा पाठ म्हणून दाखवला. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर, फळ्यावर सारांश, गृहपाठ, आणि घंटा. न थांबता म्हटला तर घंटेच्या आधीच आटपत होता. थोडं थोडं रेंगाळून म्हटला तर बरोब्बर बसत होता. मी म्हटलं, झालं तर मग, पास! ती म्हणाली, बाईंसारखी थांबले तर नाही बसणार आजोबा. आणि नाही थांबले तर... ते वाक्य तिने पुरं केलं नाही, आणि मी या वेळी धीर धरून बसलो तरी केलं नाही.

टॉर्च आणि पुठ्ठ्याचा माणूस घेऊन मी तिच्याबरोबर गेलो. हमाल म्हणून. मावशींनी व्हरांड्यात खिडकीशी मला स्टूल दिलं. तिथून फळाही दिसत होता आणि शेवटचा बाकही.

घड्याळसर आले आणि सरळ त्या कोपऱ्यात जाऊन बसले. भिंतीला टेकायला मिळतं ना. सगळा वर्ग एकदम ताठ झाला. दोन वेण्यांची उठून उभी राहिली आणि म्हणायला लागली, सर, कोपरा... सर म्हणाले, खाली बस. ती बसली. बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

सरांनी घड्याळ काढून ठेवलं आणि भिंगरीने टॉर्च लावला. पुठ्ठ्याच्या माणसाची सावली फळ्यावर एवढी थोरली पडली की पोरं खूश. टॉर्च वर नेला, सावली आखूड. तिने पहिला प्रश्न विचारला. आणि थांबली. नजर कोपऱ्यात.

कोपऱ्यात सर. त्यांना आधी वाटलं शर्टाला काही लागलंय, त्यांनी कॉलर चाचपली. मग शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. भिंगरीने पापणी लववली आणि हातांचं रान उगवलं. दुसऱ्या प्रश्नाला तेच, तिसऱ्यालाही तेच. दर वेळी थोडा थोडा वेळ गळत होता, तो मला बाहेर बसून दिसत होता. आणि आणखी एक दिसलं. सरांचा उजवा हात पेन धरून होता, पण डावा हात बाकाच्या कडेवर गेला होता, आणि अंगठ्याचं नख तिथे खर्र खर्र फिरत होतं. त्यांना पत्ताच नव्हता.

शेवटचा प्रश्न राहिला. मावशी टोल द्यायचा हातोडा घेऊन घंटेपाशी उभ्या. सारांश बाकी, गृहपाठ बाकी. भिंगरीने विचारलं, "भर दुपारी मैदानात उभं राहिलं, तर आपली सावली कुठे जाते?"

आणि थांबली.

सरांनी घड्याळावर बोट ठोकलं, टक टक. उत्तर तिच्या ओठावर होतं, मला खिडकीतून दिसत होतं. एका श्वासात ते देऊन टाकलं असतं तर सारांश झाला असता, गृहपाठ झाला असता, वर्ष वाचलं असतं. माझ्या तोंडून "सांगून टाक गं" निघणार होतं, मी रुमाल तोंडात धरला. सरांनी पुन्हा टक टक केलं. तिने ओठ मिटले. पंखा घासत होता. एकही हात वर नव्हता. मला वाटलं आता शाळा सुटेपर्यंत हे असंच चालणार, आपण म्हातारे होऊन इथेच स्टुलावर मरणार.

मग मागून आवाज आला. बारीक, अक्षर अक्षर जुळवत आलेला. "पाया... खाली."

कोण बोललं? मी खिडकीत बसून सांगू शकलो नाही. मागच्या मुलांना मावशींनी नंतर विचारलं, तर प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. सर मान खाली घालून लिहीत होते. दाराशी बाईंनी चौकट घट्ट धरली होती, जशी गाडी सुटताना आपण दांडी धरतो तशी, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. ते त्या पुसतही नव्हत्या.

भिंगरी म्हणाली, "बरोबर." आणि घंटा झाली.

निकाल आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव टांगणीला राहील. पास झाली, काठावर. वेळेच्या रकान्यात भोपळा. पण मुलांचा सहभाग म्हणून एक रकाना असतो, त्यात पुरे गुण, आणि ते घड्याळसरांनीच दिले. बापाने बँकेच्या परीक्षेचं पुस्तक गुपचूप रद्दीत घातलं. नख टेबलावर अजून फिरतं, सनमायका निघाला आहे. आणि खरं सांगू, छत्रीच्या त्या कोपऱ्यात हल्ली मीसुद्धा खुर्ची ठेवत नाही.

तर त्या दिवशी व्हरांड्यात सर घड्याळ मनगटावर चढवत बाहेर आले. मी पुठ्ठ्याचा माणूस काखेत मारून उभा. सरांनी भिंगरीला विचारलं की प्रश्न विचारला की तुम्ही माझ्याकडे बघत का उभ्या राहत होता, माझ्याकडून उत्तर हवं होतं का? भिंगरी लगेच बोलली नाही. मी म्हटलं, आता हे चिडून निघून जाणार. पण सर गेले नाहीत. घड्याळाचा पट्टा अर्धवट लावलेला, तसेच थांबले. बरेच थांबले. मग भिंगरी म्हणाली, "नाही सर, तुमच्याकडून नाही. तुमच्या जागी एक मुलगी बसते, तिला सगळं येतं, फक्त जरा वेळ लागतो. पुढच्या वेळी आलात तर थोडं सरकून बसा."